वाह पेडल आधी उलटं करून बघा

श्रावण लागला की वडोदऱ्याच्या अलकापुरीत माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "सर, वाह कोणतं घेऊ?" कुणाला गणपतीत दांडिया बाजारच्या मंडळात वाजवायचं असतं, कुणाला नवरात्रात सोसायटीच्या गरब्यात बोलावणं आलेलं असतं. पैसे साठवलेले असतात आणि व्हिडिओ पाहून मॉडेलही जवळपास ठरलेलं असतं. मी त्यांना उलट दोन प्रश्न विचारतो. वाजवणार कुठे? आणि बिघडलं तर उघडणार कोण? पहिल्याचं उत्तर लगेच येतं. दुसऱ्याचा विचार सहसा झालेला नसतो, आणि आपल्या गावातल्या वादकाला नेमका तोच महागात पडतो.

अलकापुरीतल्याच एका सोसायटीच्या गरब्यात माझ्यासोबत हे घडलं. पेडल नवं होतं, देखणं होतं, दुकानात आवाजही गोड लागला होता. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण तसली रचना अनेकांच्या मालात सापडते. हींच तालाचा गरबा रंगात आला होता, लय चढलेली, आणि गायकाच्या दोन ओळींमधली जागा भरायचं काम माझ्याकडे. पंजा पुढे दाबला आणि आवाज वरच्या टोकाला जाऊन तिथेच बसला. टाच दाबली तरी खाली येईना. पायाखालची पट्टी मोकळी वरखाली होत होती, आवाजावर तिचा काही परिणाम नव्हता. बटण दाबून वाह बंद केलं आणि उरलेली रात्र कोरड्या गिटारवर काढली. ज्या जागांची महिनाभर तालीम केली होती, त्या सगळ्या तशाच गेल्या. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी तळाच्या रबरी पायांमधले चार स्क्रू काढून झाकण उघडलं. आत पायपट्टीला जोडलेली एक दातेरी पट्टी असते. पाऊल हललं की ती वरखाली होते आणि एका छोट्या दंतचक्राला फिरवते. ते चक्र पॉटच्या, म्हणजे पोटेन्शिओमीटरच्या, दांड्यावर बसवलेलं असतं. माझ्या पेडलमधलं चक्र मऊ पांढऱ्या प्लास्टिकचं होतं. त्याचे दोन दाते पूर्ण झिजले होते आणि दांड्याजवळ केसासारखा तडा गेला होता. पॉटही सोडवून पाहिला, तर ज्या कार्बनच्या पट्ट्यावरून त्याची जीभ फिरते, तिथून काळी भुकटी सुटलेली. बाहेरून पेडलवर एक ओरखडासुद्धा नव्हता. तेव्हापासून कुणी वाह दाखवायला आणलं की मी ते आधी उलटं करतो, आवाज नंतर ऐकतो.

ही रचना आजची नाही. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट हा तरुण अभियंता व्हॉक्स अँप्लिफायरमधलं एक महाग स्विच काढून त्या जागी स्वस्त पॉट बसवायच्या खटपटीत होता. पॉट फिरवताना मधल्या स्वरपट्टीचा उठाव सरकतो आणि आवाज बोलल्यासारखा होतो, हे तिथे लक्षात आलं. ते सर्किट ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलच्या खोक्यात बसवलं आणि १९६७ मध्ये वाह बाजारात आलं. पहिल्या पेडलांवर क्लाइड मॅकॉय या ट्रंपेटवादकाचं नाव होतं. त्याच वर्षी क्रीमने आणि पुढच्या वर्षी जिमी हेंड्रिक्सने ते गाजवलं. १९७१ च्या 'शाफ्ट'च्या शीर्षकसंगीताने त्याला तालवाद्यासारखं वाजवायची वाट दाखवली, आणि सत्तरीच्या दशकातल्या आपल्या हिंदी चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात पाठलागापासून क्लबच्या दृश्यांपर्यंत ते पोचलं. गरब्याच्या ऑर्केस्ट्रात आपण वापरतो तो आवाज याच वाटेने आलेला आहे.

आता स्वराबद्दल. वाह म्हणजे एक फिल्टर. त्याचं शिखर पायाबरोबर साधारण ४०० हर्ट्झपासून २००० हर्ट्झच्या आसपासपर्यंत सरकतं. माणूस 'उ' म्हणता म्हणता तोंड उघडून 'आ'कडे जातो, तेव्हा हेच घडत असतं, म्हणून तो आवाज आपल्याला बोलका वाटतो. हे शिखर किती टोकदार, कुठून कुठे सरकतं आणि पायाच्या कोणत्या टप्प्यात झपकन सरकतं, या तीन गोष्टींवर दोन पेडलांमधला फरक ठरतो. पारंपरिक सर्किटमध्ये ५०० मिलिहेन्रीच्या आसपासचा इंडक्टर आणि १०० के चा पॉट असतो. इंडक्टरची चर्चा वादकांत फार चालते. फासेल, हेलो अशी नावं आदराने घेतली जातात, आणि त्यात तथ्य आहे. फासेलमध्ये मला थोडी ओल आणि भरीवपणा जाणवतो. तरीही माझं स्पष्ट मत असं, की स्टेजवर ढोल आणि कीबोर्डच्या गर्दीत इंडक्टरचा फरक दहात एकाला कळेल, पण पॉटची चाल चुकीची असेल तर ती तुमच्या पायाला प्रत्येक मात्रेला कळेल. सगळा बदल शेवटच्या अर्ध्या इंचात कोंबलेला असला, तर लयीत वाजवणं अशक्य होतं.

हींचच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं. वाह शिकवणारे बहुतेक धडे चार मात्रांच्या फंकवर बेतलेले असतात, टाच आणि पंजा आलटून पालटून. हींच सहा मात्रांची. मी पहिल्या आणि चौथ्या मात्रेला पंजा दाबतो आणि मधल्या दोन-दोन मात्रांत पाय सावकाश मागे घेतो. म्हणजे दाबणं झटक्यात, परतणं संथ. यासाठी पायपट्टीला मधल्या टप्प्यात बारीक ताबा हवा आणि तिच्या आसाला बेताचा ताण हवा. फार सैल पट्टी स्वतःच्याच वजनाने कोसळते, फार घट्ट असली तर तासाभरात पिंढरी भरून येते. घरी एकट्याने हे कळत नाही. बाजूला तबला किंवा ढोलकी घेऊन अर्धा तास तरी वाजवा.

मॉडेलांविषयी विचाराल, तर नवशिक्याला मी अजूनही डनलॉपचं क्राय बेबी जीसीबी ९५ सुचवतो. आवाज ठाम आणि जरा कडक आहे, हंबकर गिटारवर खालच्या टोकाला किंचित गुदमरतो. पण ओतीव धातूचं दीड किलोवरचं खोकं नाचणाऱ्यांच्या धक्क्याने हलत नाही. शिवाय आतले पॉट, चक्र, स्विच हे भाग सुटे मिळतात आणि ते बदलायची रीत जगभर माहीत आहे. मला हा गुण सर्वांत मोठा वाटतो. व्हॉक्सचं व्ही ८४७ ए जुन्या सर्किटच्या वळणाचं आहे. त्याचा आवाज अधिक गोल आणि सिंगल कॉइल पिकअपवर सुंदर. एकल तुकडे वाजवणाऱ्याने ते जरूर ऐकावं. डनलॉपच्याच ५३५ क्यू मध्ये शिखराचा टोकदारपणा आणि पट्टा दोन्ही बदलता येतात, वर आवाज उचलायची सोयही आहे. वेगवेगळ्या गिटारी वाजवणाऱ्या किंवा स्टुडिओत काम करणाऱ्या माणसाचं ते पेडल आहे. ज्याला अजून पाय लयीत ठेवता येत नाही, त्याने त्या बटणांच्या मागे लागू नये. छोट्या आकाराची पेडलं पिशवीत मावतात हे खरं, पण मोठ्या पावलाच्या माणसाला त्यांवर तोल सांभाळायला चाचपडताना मी पाहिलं आहे.

मोर्लीचा रस्ता वेगळा. तिथे पॉटच नसतो. एक दिवा आणि समोर प्रकाशाला प्रतिसाद देणारं सेल, पायपट्टी हलली की मधला पडदा सरकतो आणि प्रकाश कमीजास्त होतो. घासणारं काही नसल्यामुळे खरखर येण्याचा प्रश्नच उरत नाही. मैदानाच्या धुळीत वर्षानुवर्षं वाजवणाऱ्याला ही रचना खरोखर उपयोगी आहे. स्वर मोकळा आणि स्वच्छ मिळतो, मात्र गळ्यातून आल्यासारखी ती ओढ मला पॉटवाल्यांत जास्त सापडते. ऑप्टिकल पेडलांपैकी काहींना बटण नसतं, पाय ठेवला की सुरू, उचलला की बंद. त्यात वाह अर्ध्यावर उभं करून पाय काढून घेता येत नाही. तुम्हाला तो नाकातला स्थिर आवाज हवा असेल, तर हे आधी लक्षात घ्या. आणि आतला दिवा किंवा सेल गेलं, तर गल्लीतला रेडिओ-टीव्हीवाला ते पॉटइतक्या सहज बदलून देणार नाही.

दुकानात जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःचा डिस्टॉर्शन घेऊन जा. आधी गिटार थेट अँपला लावून ऐका, मग बंद वाहमधून. जुन्या पद्धतीच्या स्विचमध्ये पेडल बंद असतानाही सर्किटचा भार गिटारवर राहतो आणि वरचे स्वर मंदावतात. तुम्ही रात्रीतला नव्वद टक्के वेळ वाह बंद ठेवूनच वाजवणार आहात, तेव्हा तो आवाज आधी पारखा. मग पट्टी अगदी सावकाश, श्वास रोखून नेतात तशी, टाचेपासून पंजापर्यंत न्या. एकाच जागी खरखर येत असेल तर तिथे पॉट झिजलाय. सगळीकडे सारखी येत असेल तर धूळ असेल किंवा एखाद्या कपॅसिटरमधून डीसी गळत असेल. वापरलेलं पेडल घेताना विक्रेत्यासमोर झाकण उघडायला लावा. नकार मिळाला तर सौदा सोडा. चक्राचे दाते पाहा, दातेरी पट्टी धरून ठेवणारी छोटी पट्टी जागेवर आहे का पाहा, आणि स्विचवर आपटणारा पंजाखालचा रबर शिल्लक आहे का तेही. तो रबर गेला की धातू धातूवर आदळतो आणि स्विच लवकर जातो.

आपल्या शहराचा पावसाळा आणि त्यानंतरची मैदानं, दोन्ही या यंत्राचे वैरी आहेत. नवरात्रात मैदान दुपारी पाणी मारून दाबलेलं असतं, मध्यरात्रीपर्यंत तीच माती हजारो पावलांनी हवेत उडते आणि पायपट्टीखालच्या उघड्या फटीतून थेट दातेरी पट्टीवर बसते. मी पेडल कधी जमिनीवर ठेवत नाही. खाली प्लायचा तुकडा असतो आणि वाजवून झालं की लगेच कापडी पिशवी. मोसम संपला की झाकण उघडून मऊ ब्रशने धूळ काढतो आणि चक्रावर बोटाच्या टोकाएवढं पांढरं ग्रीस लावतो, पॉटवर ते जाणार नाही याची काळजी घेत. कॉन्टॅक्ट क्लीनर मारल्यावर खरखर थांबते, पण पट्टा झिजलेला असेल तर ती परत येते. तिथे नवा पॉटच हवा. बाजारात मिळणारा साधा १०० के चा पॉट तारांच्या हिशेबाने चालेल, पण त्याची चाल आणि दांड्याची लांबी वेगळी असते. वाहसाठी बनवलेलाच मागवा आणि एक जास्तीचा घरात ठेवा. बसवताना चक्र कोणत्या दातावर होतं याचा आधी फोनवर फोटो काढा, नाहीतर पट्टी पूर्ण दाबली तरी पॉट टोकाला पोचणार नाही, किंवा टोकाला आपटून मोडेल.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा ओळखीच्या एका वादकाचं जुनं क्राय बेबी तळमजल्यावर पाण्यात राहिलं. चिखल धुऊन, आठवडाभर वाळवून, पॉट, स्विच आणि दोन्ही जॅक बदलल्यावर ते पुन्हा बोललं. त्याच खोलीतलं नव्या धाटणीचं, सगळं एका बोर्डवर चिकटवलेलं पेडल मात्र कुणालाच उघडून दुरुस्त करता आलं नाही.

विजेचंही एक सांगतो. बहुतेक वाह पेडलांना नऊ व्होल्टचा, मध्ये ऋण असलेला अडॅप्टर लागतो. पण मंडपात जनरेटर आणि रोषणाईची वायर एकाच जागी असते तेव्हा गुणगुण येते, अशा वेळी बॅटरी बरी. इनपुटमध्ये केबल लावून ठेवली की पेडल बंद असलं तरी बॅटरी संपत राहते, म्हणून मध्यंतरात केबल काढायची सवय लावा. फझ वापरत असाल तर वाह त्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही जागी लावून पाहा. काही जुन्या घडणीच्या फझपुढे वाहचा फेर जवळजवळ नाहीसा होतो, आणि त्यात दोष पेडलचा नसतो.

वडोदऱ्यात १८८६ पासून संगीतशाळा आहे. तबल्याची पुडी आणि हार्मोनियमचा भाता दुरुस्त करणारे हात इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पेडलांना तसे हात अजून लाभलेले नाहीत, म्हणून तूर्त ते काम आपल्यालाच शिकावं लागेल. एक स्क्रूड्रायव्हर, साधं सोल्डरिंगचं सामान आणि एक जुनं बंद पेडल सरावासाठी, एवढ्यावर महिन्याभरात पॉट बदलता येतो. माझ्या वर्गातल्या दोन मुली आता हे काम माझ्यापेक्षा नीट करतात.

वाह घ्यायचं असेल तर यंदा घटस्थापनेच्या निदान दोन महिने आधी घ्या, रोज वाजवा, आणि पहिल्याच आठवड्यात एकदा झाकण उघडून आत काय आहे ते स्वतः पाहून ठेवा.