लग्नाचं शूटिंग कुणाला द्यावं?

प्रश्न : मुलीचं लग्न वैशाखात आहे. जामजवळ, महामार्गालगतच्या एका लॉनवर, दुपारचा मुहूर्त. नागपूरच्या एका पार्टीनं फोर-के सिनेमॅटिक, ड्रोन, टीझर असं सगळं धरून जो आकडा सांगितला तो हिंगणघाटच्या शूटिंगवाल्याच्या तिप्पट आहे. मुलगी आणि होणारे जावई नागपूरच्या बाजूचे, मी हिंगणघाटच्या. नागपूरवाल्यांचे मोबाइलवरचे व्हिडिओ देखणे आहेत, हे मलाही मान्य आहे. पण जास्तीचे पैसे नेमके कशाचे द्यायचे, ते कुणी सांगत नाही.
– एक वाचक, जाम (ता. समुद्रपूर)

उत्तर : घरात दोन पक्ष पडले की तिसऱ्यानं बोलू नये म्हणतात, पण तुम्ही विचारलंच आहे. मोबाइलवर पाहिलेल्या तीन मिनिटांवरून तुमच्या लग्नाचं काम कसं होईल हे कळतं का, आणि फोर-के, ड्रोन हे शब्द ऐकून तिप्पट पैसे मोजावेत का, असा तुमचा पेच आहे.

आधी त्या तीन मिनिटांचं पाहू. दोन कॅमेरे सकाळपासून रात्रीपर्यंत चालतात, त्यातून सर्वांत चांगली दृश्यं निवडून, वर गाणं घालून टीझर तयार होतो. तोही बहुधा सीझनमधल्या सर्वांत झकास लग्नाचा. त्यात खोटं काही नसतं, फक्त उरलेला दिवस नसतो. हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी आली की व्यापारी वरचा कापूस पाहून भाव बोलत नाही, आत हात घालतो. तुम्हीही दोघांकडे पूर्ण फिल्म मागा. एकाच लग्नाची, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि शक्यतो तुमच्यासारख्याच दुपारच्या मांडवातल्या लग्नाची. संध्याकाळच्या रिसेप्शनची दिली तर ती बाजूला ठेवा. रोषणाईत सगळंच छान दिसतं.

ती फिल्म घरच्या टीव्हीवर लावा आणि थेट आंतरपाट धरलेल्या ठिकाणी या. खऱ्या कामाची पारख इथे होते. शेवटचं मंगलाष्टक संपत आलं की मामा, करवल्या, मित्रमंडळी सगळे पुढे सरकतात. अक्षता उडतात, आंतरपाट खाली येतो आणि दोन-चार सेकंदांत हार पडतात. ज्याला हे माहीत आहे तो आधीच जागा धरून बसलेला असतो, शक्य असेल तर दुसरा कॅमेरा उंचावर लावतो. ज्याला माहीत नाही त्याच्या फिल्ममध्ये मामांची पाठ आणि कुणाचा तरी वर धरलेला मोबाइल दिसतो. आंतरपाट सरकताना मुलीचा चेहरा दिसला का? कन्यादानाच्या वेळी आई-वडील दोघं चौकटीत आहेत का? एवढं पाहिलं तरी निम्मा निर्णय होतो.

दुपारच्या मांडवात दुसरी परीक्षा उजेडाची. लाल-पिवळ्या कापडातून गाळून आलेलं ऊन चेहऱ्यांवर तोच रंग चढवतं आणि मांडवाच्या कडेला बाहेरचं रखरखीत ऊन असतं. कॅमेरा आपोआप चालणाऱ्या मोडवर सोडला तर कॅमेरामन थोडा वळला तरी नवरी कधी केशरी, कधी काळवंडलेली दिसते. जाणकार माणूस रंगाचं संतुलन हातानं बांधून ठेवतो. एलईडी दिव्यांचंही तसंच. आपली वीज ५० सायकलची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की ताल जुळतो, नाहीतर चित्र लुकलुकतं किंवा त्यावर पट्टे सरकतात. फिल्ममध्ये हे दिसलं, तर कॅमेरा कितीही महागडा असो, चालवणारा घाईत होता असं समजा.

आता फोर-के. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके असतात, फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख. चौपट तपशील, हे खरं. पण टीव्ही फुल एचडी असेल तर तो ते जास्तीचे ठिपके दाखवूच शकत नाही, आणि नातेवाईक बहुतेक करून व्हॉट्सॲपवर पाहणार, तिथे चित्र दाबून लहान होतं. फोर-केचा खरा उपयोग एडिटरला. दूरच्या दृश्यातून जवळचा चेहरा कापून काढता येतो. त्यासाठी साठवण मात्र भरपूर लागते. सेकंदाला १०० मेगाबिट या वेगानं चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी, म्हणजे दोन कॅमेरे आठ तास चालले तर ७२० जीबी. ही संख्या लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. अंधुक, केशरी, हललेलं चित्र फोर-केमध्ये घेतलं तर ते चौपट तपशिलात अंधुक दिसतं, एवढाच फरक.

आवाजाकडे कुणी लक्ष देत नाही आणि पुढे पस्तावा होतो तो याचाच. तुमचं लॉन कन्याकुमारीला जाणाऱ्या रस्त्याच्या काठावर. ट्रकचे हॉर्न, जनरेटर आणि डीजे, तिन्हींचा मारा होणार. कॅमेऱ्यावरचा माइक हे सगळं इमानेइतबारे टिपतो आणि गुरुजींचा आवाज मागे पडतो. उपाय साधा आहे. गुरुजींच्या माइकचा आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट रेकॉर्डरवर घ्यायचा आणि नवरदेवाच्या शेरवानीला एक छोटा कॉलर माइक लावायचा. दोघांना विचारा, "मंगलाष्टकांचा आवाज कुठून घेता?" "नंतर वर गाणं टाकतो" असं उत्तर आलं, तर तुमच्या आत्याबाईंनी म्हटलेलं मंगलाष्टक त्या फिल्ममध्ये नसणार.

ड्रोनबद्दल माझं मत कडक आहे. वैशाखात वर्ध्याकडचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि बऱ्याच लहान ड्रोनच्या माहितीपत्रकात वापराची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सिअस लिहिलेली असते. भर दुपारी मांडवाचं छत आणि पार्किंग वरून दाखवण्यासाठी हा धोका कशाला? शिवाय ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. ते दाखवा म्हटलं की अर्धे ड्रोन पॅकेजमधून आपोआप उतरतात. जावईबापूंची हौसच असेल तर आदल्या संध्याकाळी हळदीच्या वेळी उडवू द्या. उन्हात लहान कॅमेरेही फोर-के घेता घेता तापून बंद पडतात, म्हणून जादा कॅमेरा आणणार का, हे विचारून ठेवलेलं बरं.

येणार कोण, हा प्रश्न नागपूरवाल्यांना विशेष विचारा. मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी एका स्टुडिओकडे चार-चार लग्नं असतात. नाव स्टुडिओचं आणि येणारे कॅमेरामन रोजावर बोलावलेले, हा या धंद्यातला उघड रिवाज आहे. त्यात वाईट काही नाही, पण टीझर ज्यानं काढला तोच तुमच्याकडे येईल असं धरून चालू नका. फिल्म पाहताना "हे कुणी शूट केलं, आणि आमच्याकडे तेच येणार का?" असं तिथल्या तिथे विचारा आणि नावं पावतीवर लिहून घ्या. अंतराची मात्र भीती नको. जामच्या चौरस्त्यावर नागपूर, हिंगणघाट आणि वरोरा-चंद्रपूर अशा तिन्हीकडून माणूस सहज येतो.

गावचा माणूस असल्याचा फायदा वेगळाच आहे. त्याला आपल्याकडचा क्रम ठाऊक असतो. नवरदेव मारुतीच्या देवळात केव्हा जाणार, रुखवत कुठे मांडणार, सुनमुख केव्हा पाहणार, हे त्याला सांगावं लागत नाही. बाहेरच्याला कागदावर लिहून द्यावं लागेल, जवळच्या दहा-पंधरा माणसांच्या ओळखीसह. बौद्ध पद्धतीचं लग्न असेल तर तिथे आंतरपाट-अक्षतांची गडबड नसते. त्रिशरण-पंचशील आणि वधू-वरांची प्रतिज्ञा हा गाभा, म्हणजे सगळा भार पुन्हा आवाजावर.

व्यवहार लेखी करा. दोघंही "दीड-दोन महिन्यांत देतो" म्हणतील आणि सीझन संपेपर्यंत एडिटरची पाळी येणार नाही. तारीख लिहा आणि शेवटचा हप्ता फिल्म हातात येईपर्यंत राखून ठेवा. सगळे पैसे पाठवणीच्या आधी मोजले तर तगाद्याला जोर उरत नाही. फिल्म कुणाच्या मालकीची, हेही पाहा. पुष्कळांना वाटतं, काढणारा मालक, पण तसं नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा आणि फिल्मचा पहिला मालक पैसे देणारा, वेगळा करार नसेल तर. म्हणून सही करण्याआधी बारीक अक्षरं वाचा. कच्चं चित्रण मिळणार का, तुमच्या मुलीचा व्हिडिओ ते स्वतःच्या जाहिरातीला वापरणार का, हे तिथेच ठरतं. गाण्यांचंही लक्षात असू द्या. लग्नात आणि वरातीत गाणी वाजवायला कायद्यात सूट आहे, पण सिनेमाचं गाणं फिल्मला जोडून यूट्यूबवर चढवलं की ती सूट लागू होत नाही आणि व्हिडिओ मुका होऊ शकतो.

फिल्म मिळालीच नाही तर वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा. इसार दिल्याची पावती दोन्हीकडे लागेल.

तर, हिंगणघाटच्या माणसाची पूर्ण फिल्म आंतरपाट, उजेड आणि आवाज या तिन्हींत उतरली, तर काम त्यालाच द्या. वाचलेल्या पैशांतला थोडा भाग जादा कॅमेरा आणि रेकॉर्डरसाठी त्याला वाढवून द्या. नाही उतरली, तर नागपूरवाल्यांना ड्रोन आणि टीझर वगळून पुन्हा भाव विचारा, आकडा बराच खाली येईल. आणि ते ७२० जीबी : जागा अडते म्हणून शूटिंगवाले काही महिन्यांनी कच्चं चित्रण पुसून टाकतात. हवं असेल तर एक टीबीची हार्डडिस्क लग्नाच्या दिवशीच त्याच्या हातात ठेवा आणि तयार फिल्मची दुसरी प्रत मुलीच्या सासरी राहू द्या. पेनड्राइव्हवर विसंबू नका.