फ्री-मोशन क्विल्टिंग शिकायचंय? आधी मशीन नको, जुनी साडी काढा

मशीनवर मोकळ्या हाताने क्विल्टिंग शिकायचं ठरवलं की बहुतेकजणी पहिला प्रश्न विचारतात, ‘कोणतं मशीन घेऊ?’ माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न शेवटी यायला हवा. घरात चालू स्थितीतलं शिलाई मशीन असेल, तर साधारण हजार रुपयांत शिकायला सुरुवात होते. खाली दिलेले आकडे अंदाजाचे आहेत. गाव आणि दुकान बदललं की त्यात थोडा फरक पडेल.

साध्या शिवणीत सुईखालचे दाते कापड पुढे सरकवतात, त्यामुळे टाका किती लांब पडायचा हे मशीन ठरवतं. फ्री-मोशनमध्ये हे दाते खाली पाडतात किंवा वरून प्लेट लावून झाकतात आणि कापड दोन्ही हातांनी हवं तसं फिरवतात. टाक्याची लांबी मग पूर्णपणे हातावर अवलंबून राहते. नवशिक्यांना भीती वाटते ती इथेच.

तुमच्या मशीनचे दाते खाली जात नसतील आणि प्लेटही मिळत नसेल, तरी अडत नाही. टाक्याची लांबी शून्यावर ठेवा. दाते जागच्या जागी वरखाली होतील, कापड ओढणार नाहीत. हाताने फिरवायचं मशीन मात्र या कामाला चालत नाही, कारण त्यात एक हात चाकावर अडकतो. पायमशीन चालतं. फक्त चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो आणि नवख्या माणसाचं सगळं लक्ष पायांकडे जातं. पायमशीनला दीड-दोन हजारांत मोटर बसते. शक्य असेल तर ती बसवून घ्याच.

आता खरेदी. या कामाला लागणारा डार्निंग फूट साधारण दीडशे ते चारशे रुपयांना मिळतो. फूट बसवायच्या दांड्याची उंची सगळ्या मशीनना सारखी नसते, म्हणून दुकानात जाताना आपल्या मशीनचा जुना फूट सोबत न्या आणि शेजारी धरून जुळवून पाहा. ऑनलाइन स्वस्त दिसतो म्हणून अंदाजाने मागवू नका. चौदा नंबरच्या सुयांचं पाकीट शंभर-दीडशेला येतं. सुई वाकली, बोथट झाली की लगेच बदला, कारण टाके चुकण्यामागे बऱ्याचदा तीच असते. रबरी ठिपक्यांचे सुती हातमोजे हार्डवेअरच्या दुकानात पन्नास-साठ रुपयांना मिळतात. कापडावर हात घसरत नाही, त्यामुळे मुठी आवळाव्या लागत नाहीत आणि खांदेही सैल राहतात. क्विल्टिंगचे म्हणून विकले जाणारे मोजे याच कामासाठी कितीतरी महाग पडतात. सेफ्टी पिना आणि टाके उसवायचा रिपर धरून आणखी शंभर.

सगळ्यात महत्त्वाचं कापड. हात थरथरतो तो मशीनला घाबरून नव्हे, कापड वाया जाईल म्हणून. अडीचशे रुपये मीटरचं सुती कापड समोर असेल तर कोणीही घाबरेल. म्हणून सरावाला जुन्या सुती साड्या घ्या. आपल्याकडे गोधडी अशाच साड्यांचे थर एकमेकांवर ठेवून, त्यावर धावदोरा घालून होत आली आहे. वर आणि खाली साडीचं कापड, मध्ये पातळ वॅडिंग किंवा जुनं फ्लॅनेल, असे साधारण बारा इंचांचे दहा-बारा चौकोन पिना लावून तयार ठेवा. पॉलिएस्टर वॅडिंग मीटरला शंभर-दीडशे रुपये, आणि शंभर ते दीडशे जीएसएम वजनाचं पुरे. सोलापुरी चादर मध्ये घालायचा मोह आवरा. तो थर या कामाला जड होतो.

सुरुवात करताना खालचा दोरा वर ओढून घ्या आणि दोन्ही टोकं धरून पहिले दोन-तीन टाके घाला. फूट खाली केलाय ना, हे प्रत्येक वेळी बघा. डार्निंग फूट खाली असतानाही कापडापासून किंचित वर राहतो, त्यामुळे तो खाली करायचा राहून गेला तर नजरेला कळत नाही. फूट वर असला की वरच्या दोऱ्याचं टेन्शन सुटं पडतं आणि कापडाच्या मागे दोऱ्याचा गोळा होतो. नवख्यांना वाटतं मशीन बिघडलं, मेकॅनिक येतो आणि तीनशे-पाचशे रुपये जातात. मेकॅनिकला बोलावण्याआधी फूट खाली करून, दोरा नव्याने ओवून पाहा.

पहिला चौकोन शिवून झाला की उलटा करा. वळणांवर पापण्यांसारखे दोरे सुटलेले दिसले, तर तिथे हात फार जोरात फिरलेत. उलट टाके एकमेकांवर चढले असतील, तर हात फार हळू आहेत. मशीन मध्यम वेगाने एकसारखं चालू द्या आणि हात सावकाश फिरवा. घाबरून मशीन हळू चालवलं की हात त्याच्या पुढे जातात आणि टाके लांबतात. मशीनवर बसण्याआधी, जी नागमोडी रेघ शिवायची तीच पेन्सिल न उचलता कागदावर काढत राहा. या सरावाला काहीच खर्च नाही आणि हाताला वळण इथेच लागतं.

सरावाला उठून दिसणारा दोरा वापरा, चुका दिसायला हव्यात. पहिली खरी वस्तू करताना मात्र बारीक छापाचं कापड आणि त्याच रंगाचा दोरा घ्या, वेडेवाकडे टाके त्यात मिसळून जातात. ही वस्तू उशीचा अभ्रा किंवा टेबल मॅट असावी. डबल बेडची गोधडी इतक्यात नको. घरगुती मशीनमध्ये सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यात साधारण सहा-सात इंचच जागा असते. मोठी गोधडी गुंडाळून तिथे कोंबावी लागते, तिचं वजन टेबलाखाली लोंबतं आणि सुईला ओढ बसते. छोट्या कामालाही मशीनच्या डावीकडे तेवढ्याच उंचीचा पुस्तकांचा ढीग लावला तर कापड सपाट राहतं.

मशीनवर क्विल्टिंग म्हणजे दुय्यम काम, असं मानणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत पॅड्युका इथे भरणाऱ्या क्विल्टच्या मोठ्या स्पर्धेत 1989 साली कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या क्विल्टला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ते क्विल्टिंग मशीनवर केलेलं होतं आणि तिथे हा मान मिळवणारं मशीनवर क्विल्टिंग केलेलं ते पहिलंच क्विल्ट. त्यावरून त्या काळी बरीच चर्चा झाली.

टाका आपोआप सारखा ठेवणारा रेग्युलेटर, रुलर फूट, महागडे दोरे, यांतलं काहीही सध्या घेऊ नका. घरी मशीनच नसेल तर चार-सहा हजारांत मिळणारं वापरलेलं सरळ टाक्याचं मशीन पुरतं. ते घेताना आपल्याच कापडाचे तीन थर नेऊन दुकानात चालवून पाहा आणि बॉबिन बाजारात सहज मिळते का, हे विचारा.

क्लास लावायचा असेल तर एका दिवसाच्या कार्यशाळेला साधारण एक ते तीन हजार पडतात. पैसे भरण्याआधी विचारा: एका मशीनवर किती जणी? आपलं मशीन आणता येतं का? कापड, वॅडिंग फीमध्ये धरलंय का? दोघींना एक मशीन असेल, तर तुमच्या हाताला अर्धाच वेळ मिळतो. अशा क्लासपेक्षा तेच पैसे वॅडिंग आणि दोऱ्यावर घालून घरी बसणं मी पसंत करेन. स्वतःचं मशीन आणता येत असेल तर मात्र जरूर जा, कारण शिकवणारीला तुमच्याच मशीनचं टेन्शन जुळवून दाखवता येईल.