खाडीच्या काठाकाठाने : एका किनारी भ्रमंतीतून भूगोलाचा अभ्यास

कोल्हापूरहून समुद्र तसा लांब नाही. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट असे उतरत गेले की चार-पाच तासांत विजयदुर्गच्या बंदरावर पोचता येते. तरीही आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात समुद्र म्हणजे सहलीचे ठिकाण, एवढीच कल्पना असते. गेल्या जानेवारीत आम्ही पाच मित्र तीन मोटारसायकली, दोन तंबू, एक स्टोव्ह आणि पाच दिवसांचा शिधा घेऊन विजयदुर्ग ते देवबाग असे किनाऱ्याने फिरलो. या प्रवासात एक प्रश्न रोज पडत गेला : डोळ्यांना समोर दिसणाऱ्या गावी पोचायला इतका वेळ का लागावा? त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे समजले, ते येथे मांडीत आहे.

लहान प्रमाणाच्या नकाशावर कोकणचा किनारा जवळजवळ सरळ रेषेसारखा दिसतो. प्रत्यक्षात तो खाड्यांनी जागोजागी कापलेला आहे. सह्याद्री समुद्रापासून जवळ असल्याने येथील नद्या आखूड आणि पावसाळ्यात वेगवान. गेल्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. पुढे बर्फ वितळून पाणी चढले आणि या नद्यांच्या खोऱ्यांची मुखे बुडाली. या बुडालेल्या मुखांनाच आपण खाड्या म्हणतो. वाघोटण नदीत भरतीचे पाणी फार आतपर्यंत शिरते. म्हणूनच विजयदुर्गच्या खाडीवर, समुद्रापासून पुष्कळ आत असूनही, खारेपाटण हे एके काळी बंदर होते. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचे उघडे सडे, सड्यांच्या कडेला समुद्रात उतरणारे कडे, आणि कड्यांच्या कुशीत छोट्या पुळणी अशी येथील रचना आहे.

खाडी मुखाशी रुंद आणि आत अरुंद असते, ही साधी गोष्ट कोकणच्या दळणवळणाचा सारा इतिहास सांगून जाते. मुंबई-गोवा महामार्ग काय किंवा १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे काय, दोन्ही समुद्राला चिकटून जात नाहीत. खाड्या जेथे आवळत जातात तेथून, आतल्या बाजूने जातात. जुन्या काळी तर उत्तर-दक्षिण जाणारा माणूस शक्य तर गलबतानेच जाई. रस्ते होते ते पूर्व-पश्चिम : बंदरातून घाटाच्या पायथ्याशी, आणि तेथून घाट चढून देशावर. विजयदुर्गचा किल्ला खाडीच्या मुखावरच का उभा आहे, हे त्या मुखाशी उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. किल्ला ज्याच्या हाती, त्याच्या हाती खाडीतून वर जाणारा सारा व्यापार. तुळाजी आंग्र्यांचे आरमार १७५६ साली याच बंदरात इंग्रजांच्या आणि पेशव्यांच्या संयुक्त मोहिमेत जळाले.

या पूर्व-पश्चिम वाटांशी कोल्हापूरचे नाते जुने आहे. विजयदुर्गची मूळ उभारणी परंपरेने आपल्याकडील शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे दिली जाते. पुढे मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींच्या ताब्यात होते. १८१२ च्या तहाने ते इंग्रजांकडे गेले आणि करवीर राज्याचे हे महत्त्वाचे बंदर हातचे गेले. समुद्र आपल्याला परका वाटतो, त्याचे एक कारण या तहातही शोधता येईल असे मला वाटते.

आता मुक्कामाविषयी. तांबळडेगच्या पुळणीवर तंबू कोठे लावावा हे विचारायला आम्ही वस्तीत गेलो, तेव्हा रापण ओढणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी प्रथम विचारले, “आज तिथ खंयची?” शुद्ध त्रयोदशी, असे आम्ही सांगताच त्यांनी बोटांवर हिशेब केला. तो हिशेब असा : तिथीच्या आकड्याला तीनने गुणावे व चाराने भागावे, जे येईल ती साधारणपणे पूर्ण भरतीची वेळ. तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार, म्हणजे पावणेदहा. हा आडाखा मुंबईकडच्या वेळेला अधिक जुळतो; दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. म्हणून त्यांनी रात्रीचे नऊ सांगितले, आणि पाणी खरोखरच त्या सुमारास सर्वांत वर आले.

या आडाख्यामागचे शास्त्र आपण वर्गात शिकलेलेच आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा डोक्यावर येतो, तशी भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. तिथीगणिक पाऊण तास धरला की झाले. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्यांची ओढ एका रेषेत येते व मोठी भरती होते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती ओढ काटकोनात येऊन भरती दुबळी होते, तिला भांग म्हणतात. मुक्काम करणाऱ्याने पुळणीवर वाळलेल्या शेवाळाची आणि शिंपल्यांची सर्वांत वरची रेषा शोधावी आणि तिच्याही वर तंबू लावावा. मऊ वाळूत खुंटी टिकत नाही. पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून ती पुरली की तंबू वाऱ्याला दाद देत नाही. शेकोटी आम्ही पेटवली नाही, कारण या पुळणींवर हिवाळ्यात समुद्री कासवे अंडी घालायला येतात आणि उजेडाने पिल्लांची दिशा चुकते.

उघड्यावर मुक्काम करणे या किनाऱ्याला नवे नाही. आचरे गावी काही वर्षांच्या अंतराने, रामेश्वराचा कौल घेऊन, सारा गाव गुरेढोरे, कुत्री, कोंबड्यांसह वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस तीन रात्री झोपड्या घालून राहतो. ही गावपळण. आमची हौस पाच दिवसांची; त्यांची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची.

देवगडजवळ तारामुंबरी-मिठमुंबरी पूल झाल्यापासून कुणकेश्वरचा वळसा वाचला आहे. याउलट देवबागच्या टोकावर उभे राहिले की कर्ली नदीच्या मुखापलीकडे भोगवे समोर दिसते. होडीने काही मिनिटांचे अंतर, पण रस्त्याने नेरूरपारच्या पुलावरून तीस-चाळीस किलोमीटरचा फेरा. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग १९८० च्या दशकापासून चर्चेत आहे. तो सलग झाला म्हणजे कोकणच्या प्रवासाची दिशाच बदलेल. आजारी माणसाला दवाखान्यात, मुलांना शाळा-कॉलेजात, मासळीला बाजारात वेळेवर पोचता येईल. याला नाही कोण म्हणेल?

परंतु देवबाग हे गावच मुळी वाळूच्या दांड्यावर वसले आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये माडांची अरुंद पट्टी. ही वाळू स्थिर नसते. लाटा, प्रवाह आणि नदीचा गाळ यांच्या देवघेवीवर ती टिकून असते. येथे आणि तळाशीलला समुद्राची धूप ही आजची चिंता आहे, आणि धूपप्रतिबंधक बंधारे घालूनही ती संपलेली नाही. म्हणून पूल जरूर व्हावेत, पण रस्त्यामागोमाग येणारी पक्की बांधकामे पुळणीवर आणि दांड्यावर चढू नयेत, एवढे तरी आपण अभ्यासकांनी आग्रहाने मांडले पाहिजे. जेथे तंबू लावतानासुद्धा तिथी विचारावी लागते, तेथे इमारत बांधताना ती विचारायला नको काय?

आपल्या भूगोल आणि इतिहास विभागांनी मिळून अशी एक अभ्यास-सहल दरवर्षी काढावी, अशी माझी सूचना आहे. सोबत नकाशा, पंचांग आणि नोंदवही असावी. भरतीच्या वेळा, खाडी ओलांडण्याचे मार्ग आणि पुळणींची रुंदी यांच्या नोंदी दहा वर्षे ठेवल्या, तरी आपल्या ग्रंथालयात या किनाऱ्याविषयी एक उपयुक्त वही तयार होईल.