बिलावर नुसतं ‘हस्तकला’ लिहू नका! वस्तूचा कोड असा ओळखा

ताईंनो, आपला माल आता जत्रा-प्रदर्शनापुरता राहिला नाही. व्यापाऱ्यामार्फत तो परदेशातही जाऊ शकतो. आपल्यासाठी ती निर्यात, पण तिकडच्या देशासाठी आयात. तिकडचा कस्टम अधिकारी आधी पाहतो, वस्तूचा कोड कोणता? आयात कर त्यावरच ठरतो. कोड चुकला तर पार्सल अडकतं, घेणाऱ्याला जास्त कर बसतो आणि पुढची ऑर्डर हातची जाते.

या कोडला ‘एचएसएन’ म्हणतात. ही पद्धत 1988 पासून सुरू आहे. पहिले सहा आकडे बहुतेक सगळ्या देशांत सारखे असतात. भारतात पुढे दोन जोडून आठ होतात. जीएसटीच्या बिलावर टाकतो तो हाच कोड.

आता मुख्य गोष्ट. या यादीत ‘हस्तकला’ नावाचं प्रकरणच नाही! म्हणून तीन प्रश्न विचारायचे: वस्तू कशाची? कशी बनवली? कशासाठी वापरतात?

बांबू : विणलेली टोपली किंवा परडी 4602 मध्ये जाते. पण बांबू कोरून शोभेची मूर्ती केली, तर ती लाकडी शोभेच्या वस्तूंसोबत 4420 मध्ये. बांबू तोच, काम वेगळं.

पितळ : भंडाऱ्याचा पितळी गुंड, तांब्या ही घरातली भांडी, म्हणून 7418. पितळेत तांबं जास्त असतं, म्हणून ही भांडी तांब्याच्या प्रकरणात येतात. पितळी मूर्ती मात्र 8306.

कोसा : मोहाडी-आंधळगावची कोसा साडी न शिवलेलं कापडच असते, म्हणून 5007. त्याच कोशाचा स्टोल केला, तर 6214.

परडीला चार पितळी घुंगरू लावले तर? ती परडीच राहते. जिच्यामुळे वस्तूला तिची ओळख मिळते, ती सामग्री धरायची.

बिलावर ‘शोभेच्या वस्तू, 50 नग’ असं मोघम लिहू नका. ‘बांबूच्या पट्ट्यांची हाताने विणलेली टोपली, 20 नग’ असं लिहा. वेगळ्या वस्तूला वेगळी ओळ, वेगळा कोड. माल निघण्याआधी पूर्ण आठ आकडी कोड जीएसटीचं काम पाहणाऱ्याकडून किंवा कस्टम एजंटकडून तपासून घ्या.

गटाला स्वतःच माल पाठवायचा असेल, तर आधी आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, काढावा लागतो. अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क 500 रुपये. टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रातूनही पार्सल पाठवता येतं.

बैठकीत करून पाहा : गटाच्या पाच वस्तू मधोमध ठेवा आणि प्रत्येकीला ते तीन प्रश्न विचारा. सुरुवात पितळी घंटेपासून करा. ती 7418 की 8306? (उत्तर : 8306. घंटा हे भांडं नव्हे; घंटा आणि मूर्ती एकाच शीर्षकात येतात.)