आधी छप्पर आणि मोरी

चि. बाळ यास,

लीड्सजवळच्या जागेचा नकाशा आणि तुझा दहा-बारा वर्षांचा बेत नीट वाचला. कर्जाचा डोंगर न करता, शिल्लक पडेल तसं बांधत जायचं, हे मला मनापासून पटतं. पटत नाही तो कामाचा क्रम. आधी पाया संपूर्ण घराचा, मग भिंती संपूर्ण घराच्या आणि छप्पर पाचव्या वर्षी! म्हणजे पाच वर्षं तू भाडंही भरणार आणि तुझ्या उघड्या भिंती तिकडच्या पावसात भिजत राहणार. हळू बांधायचं असेल तर प्रत्येक टप्प्याच्या शेवटी राहतं घर हाती यायला हवं. एकच खोली का असेना, पण आतून कडी लावून निजता येईल अशी.

मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने असं घर बांधलं. झुरिक सरोवराच्या वरच्या भागात, बोलिंगेनला, 1922 साली त्याने जागा घेतली आणि 1923 मध्ये दगडी गोल मनोरा उभारला. मुळात त्याच्या मनात मधोमध चूल असलेली गोल, एकमजली झोपडी होती; ती फारच साधी वाटली म्हणून दोन मजले केले. 1927 मध्ये शेजारी नवा भाग आला, 1931 मध्ये एकट्याने बसायची खोली, 1935 मध्ये अंगण आणि सरोवराच्या बाजूला पडवी. 1955 मध्ये पत्नी गेल्यावर मधल्या ठेंगण्या भागावर त्याने वरचा मजला चढवला. इतक्या वर्षांत ते घर अर्धवट असं कधी नव्हतंच. आधीच्या भागात राहून जे उणं वाटलं, तेवढंच पुढच्या वेळी जोडलं गेलं. 1923 साली सगळा आराखडा काढायला बसला असता तर वरचा मजला त्यात आला नसता, कारण त्याची गरज निर्माण करणारं आयुष्य अजून जगायचं होतं.

तू म्हणशील, युंगचं क्युसनाख्टला मोठं घर होतं. बोलिंगेनला वीज नाही, नळ नाही, लाकडं स्वतः फोडायची, हा सगळा ऐपतवाल्याचा छंद. हे खरं आहे. म्हणून अगदी दुसऱ्या टोकाचं उदाहरण घे. चिलीतल्या इकिके शहरात 2004 साली वास्तुरचनाकार आलेहांद्रो आरावेना आणि त्याच्या सहकाऱ्यांपुढे गरीब कुटुंबांच्या घरांचा प्रश्न होता. जमीन धरून दर कुटुंबामागे साडेसात हजार डॉलर. एवढ्यात पुरं घर होत नव्हतं, म्हणून त्यांनी अर्धंच बांधलं, पण अवघड तेवढं अर्धं: भक्कम भिंती, जिना, छप्पर, स्वयंपाकघर, न्हाणीघर. शेजारची जागा मोकळी ठेवली आणि ती लोकांनी आपल्या सवडीने भरली. पुण्यात जन्मलेल्या वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींनी त्याआधीच इंदूरच्या अरण्य वसाहतीत जोतं आणि न्हाणी-संडासाची सोय देऊन खोल्या माणसांवर सोडल्या होत्या. हातात पैसा कमी असेल तेव्हा तो आधी कुठे घालायचा, याचं याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

इंग्लंडचे कायदे याला आड येतील, ही तुझी शंका रास्त आहे. परवानगी मिळाल्यापासून साधारण तीन वर्षांत काम सुरू व्हावं लागतं. रीतसर सुरू झालं की ती आपोआप संपत नाही, पण काम रेंगाळलं तर कौन्सिल मुदत घालून देऊ शकते. नव्या घराच्या साहित्यावरचा व्हॅट परत मागायचा तर अर्ज एकदाच करता येतो, तोही घर पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत. या दोन्ही नियमांचा त्रास अर्धवट घराला होतो. पहिला टप्पा लहान पण स्वतंत्र घर म्हणूनच मंजूर करून घे, त्याचा पूर्णत्वाचा दाखला मिळव आणि व्हॅट सोडवून घे. पुढच्या खोल्यांना वेगळी परवानगी लागू शकेल, त्यांच्यावर व्हॅटही भरावा लागेल. ती तोशीस सोसावी असं मला वाटतं, कारण पहिल्याच टप्प्यानंतर भाडं थांबतं. भाव वाढतात म्हणून घाई करावी, असं तिथले तुझे मित्र सांगतात. पण पाया, छप्पर, सांडपाण्याचे नळ ही मजुरीची, परांचीची, यंत्रांची जड कामं आधीच उरकली, तर मागे राहतात ती लाद्या, कपाटं, रंग अशी सुट्टीच्या दिवशी स्वतः करण्याजोगी कामं.

आणि त्या जागेची ओळख व्हायलाही वेळ लागतो. आपल्याकडे ऊन टाळून खिडकी काढतात. तुझ्या अक्षांशावर डिसेंबरमधला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून तेरा अंशांच्या आसपासच चढतो. शेजाऱ्याचं दुमजली घर दक्षिणेला असेल तर त्याची सावली तुझ्या स्वयंपाकघरावर दिवसातला बराच वेळ राहू शकेल. नकाशात तू ओटा उत्तरेच्या भिंतीला लावला आहेस आणि दक्षिणेला कोठीची खोली काढली आहेस. कायम बांधण्याआधी एक हिवाळा त्या जागेवर काढ, सावली कुठपर्यंत येते ते खुंट्या ठोकून बघ. तोवर पाया मात्र पुढच्या खोल्यांचं वजन पेलेल असा इंजिनिअरकडून आखून घे आणि सांडपाण्याचा नळ पुढे जोडता येईल अशा जागी तोंड ठेवून बंद करायला सांग.

नवा आराखडा झाला की निचऱ्याचा नकाशाही सोबत पाठव, मला तोच आधी बघायचा आहे.

तुझा,
मामा