ठोसा पायातून निघतो

आमच्या सणसरात ताकद म्हटली की डोळ्यांपुढे पैलवान उभा राहतो. बारामती-इंदापूरचा हा पट्टा तालमीचा, खुराकाचा, भरलेल्या मांड्यांचा. त्यामुळे बॉक्सिंग शिकायला पोरगं घेऊन आलेला बाप आधी त्याच्या दंडाला हात लावतो आणि मला विचारतो, "सर, ह्याच्या अंगावर काय मासच न्हाई, ह्यो काय ठोसा मारणार?" सैन्यातून परतल्यापासून गावात मुलांना शिकवतोय आणि हा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यापायी चांगली पोरं पहिल्याच दिवशी घरी परत जातात, याचं मला वाईट वाटतं. म्हणून जे पाहिलं, शिकलो, ते लिहून ठेवतो.

१. ठोसा दंडातून निघत नाही.

उजव्या हाताच्या मुलाचा सरळ ठोसा उजव्या पायाच्या चवड्यापासून सुरू होतो. चवडा जमीन मागे रेटतो, टाच उचलून बाहेर वळते, गुडघा आत येतो, खुबा फिरतो, मग धड, मग खांदा. हात सगळ्यात शेवटी सुटतो. नव्या मुलाला मी खुर्चीवर बसवतो आणि पॅडवर जीव खाऊन मारायला सांगतो. मग उभं करून पाय कसा फिरवायचा ते दाखवतो आणि पुन्हा मारायला लावतो. दोन आवाजांतला फरक दाराशी उभ्या असलेल्या बापालाही कळतो.

सोव्हिएत अभ्यासकांनी १९८५ साली हे मोजून मांडलं होतं. अव्वल दर्जाच्या बॉक्सरांच्या सरळ ठोशात पायांचा वाटा ३८ टक्क्यांच्या वर, धडाचा ३७ टक्के आणि हाताचा फक्त २४ टक्के निघाला. खालच्या वर्गातल्या बॉक्सरांमध्ये हाताचा वाटा ३८ टक्क्यांवर गेला आणि पायांचा जेमतेम साडेसोळावर आला. हात त्यांनाही होतेच, पायांचा उपयोग कसा करायचा हे त्यांना अजून आलं नव्हतं.

इथे मला मुरलीकांत पेटकरांची आठवण होते. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान सैन्यातला बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. त्यांच्या हातांत एवढं बळ होतं, की १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक घेतलं, तेही विश्वविक्रमी वेळेत. पण रिंगमध्ये परतणं शक्य नव्हतं. ठोशाचं मूळ जमिनीशी असतं, हे मुलांना सांगताना मी त्यांचं नाव घेतो आणि आदराने घेतो.

२. हात सैल ठेवायला शिकणं सगळ्यात अवघड.

दिवाळीच्या सुमाराला भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्यासाठी बीड-नगरकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुलांना मी फडाच्या कडेला नेऊन उभं करतो आणि मुरलेल्या तोडणाऱ्याचा, किंवा तोडणारणीचा, हात बघायला लावतो. कोयता हवेत असताना मनगट, कोपर, खांदा सगळं मोकळं असतं. पातं बुडख्याला भिडतं त्या क्षणी मूठ आवळते, लगेच पुन्हा सैल पडते. दिवसभर आवळून धरला तर दुपारपर्यंत हात उचलणार नाही. ठोशाचंही हेच.

कॅनडाचे स्टुअर्ट मॅकगिल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कसलेल्या लढवय्यांच्या स्नायूंची हालचाल यंत्राने टिपली. स्नायू दोनदा आवळतात, असं त्यांना दिसलं: एकदा निघताना, एकदा भिडताना. मधल्या वेळात ते ढिले पडतात, म्हणून वेग येतो. भिडताना सगळं अंग ताठ होतं, म्हणून हाताच्या मागे शरीराचं वजन उभं राहतं. नवखा मुलगा सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवळलेलाच असतो. त्याचे खांदे कानाला लागतात, दात-ओठ खाल्लेले दिसतात, आणि ठोसा ढकलल्यासारखा लागतो. अशा वेळी मी "जोरात मार" कधीच म्हणत नाही. "श्वास सोड" म्हणतो.

३. स्नायू लागतात. पण कुठले, हे विचारा.

स्नायूंचं काही काम नाही असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. वजन सारखं, कसब सारखं, तर ज्याचे पाय आणि कंबर मजबूत त्याचाच ठोसा भारी. मांड्या, नितंब, पोट, पाठ, खांद्यामागचे स्नायू, पोटऱ्या आणि मनगट हे सगळं कमवावंच लागतं. तालमीतल्या बैठका आणि जोर यासाठी आजही उत्तम. त्यात मी उड्या घालतो आणि कंबर वळवून जड चेंडू भिंतीवर फेकायला लावतो, कारण बळ नुसतं असून भागत नाही, ते झटक्यात बाहेर यावं लागतं.

जिममध्ये पोरं आरशासमोर फुगवतात तो दंडाचा पुढचा स्नायू कोपर वाकवतो. हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने येणारा ठोसा, मारताना कोपराचा कोन तो धरून ठेवतो, तेवढं त्याचं काम. सरळ ठोशात कोपर उघडायचं असतं, आणि तेव्हा हाच स्नायू आवळलेला राहिला तर ब्रेक लावतो.

शिवाय बॉक्सिंग वजनी गटात चालतं. दंडावर चढवलेले दोन-तीन किलो तुम्हाला वरच्या गटात नेऊन टाकतात आणि समोर जास्त उंचीचा, लांब हातांचा गडी येतो. महाराष्ट्राचे मनोज पिंगळे आणि शाहूराज बिराजदार १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये उतरले ते ५१ आणि ५४ किलोच्या गटांत. एवढ्या वजनाचा पोरगा आमच्याकडे आला, तर गाव त्याला आधी दूध पाजायला सांगेल!

४. अंगकाठीवर जाऊ नका.

अमेरिकेचा बॉक्सर डिऑन्टे वाइल्डर दोन मीटर उंच, पायांच्या अक्षरशः काड्या. डिसेंबर २०१८ मध्ये तो टायसन फ्युरीसमोर उभा राहिला तेव्हा ९६ किलोंचा होता, फ्युरी ११६ च्या वर. तरी बाराव्या फेरीत फ्युरी आडवा झाला. तो कसाबसा उठला आणि लढत बरोबरीत सुटली, पण वाइल्डरने २०१९ अखेर जिंकलेल्या ४२ लढतींपैकी ४१ बाद करून जिंकल्या होत्या. उलट बाजूही सांगतो. ब्रिटनचा बॉक्सर फ्रँक ब्रुनो दगडात कोरल्यासारखा. १९८५ साली प्रयोगशाळेत त्याचा ठोसा मोजला, तर वेग सेकंदाला ८.९ मीटर आणि जोर सुमारे चारशे किलो वजनाएवढा भरला. म्हणजे काटक अंगही मारतं आणि भरलेलंही मारतं. बघून ओळखता येत नाही, हाच माझा मुद्दा.

५. न दिसलेला ठोसा जास्त लागतो.

येणारा ठोसा दिसला की माणूस मान ताठ करतो, हनुवटी आत घेतो. दिसला नाही तर डोकं गरकन फिरतं. त्यात समोरचा पुढे येत असला तर त्याचा वेगही तुमच्या ठोशात जमा होतो. हे अंतर आणि ही वेळ साधायला कुठलाही खुराक कामाचा नाही. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, मग पाऊल, पुन्हा जॅब, एवढंच महिनोन्महिने.

६. मूठ.

तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठी मनगटाच्या रेषेत. करंगळीच्या बाजूने मारलं की तिथलं हाड मोडू शकतं. पट्टी बांधल्याशिवाय बॅगला हात लावायचा नाही.

७. जोर आला की जबाबदारी आली.

ती खाण्यापासूनच सुरू होते. प्रोटीन पावडरीचे डबे घेऊन येणाऱ्या पालकांना मी ते परत करायला सांगतो. अंडी, दूध, शेंगदाणे, मटकी आणि रात्रीची पुरती झोप, एवढं वाढत्या अंगाला पुरतं. बॅगवर हवा तेवढा जोर काढा. समोर माणूस असला की लहान मुलांना मी डोक्यावर जोरात मारू देत नाही. ठोसा लागून कुणाला चक्कर आली, मळमळलं, डोकं दुखायला लागलं, तर सराव तिथेच थांबतो, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्या मुलाच्या हातात ग्लोव्हज देत नाही. स्पर्धा आठवड्यावर आली असली तरी नाही, आणि वडिलांनी कितीही गळ घातली तरी नाही.