जमिनीवरचे उड्डाण

पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण खरी आहे. परंतु ती प्रत्येक विद्येला लागू पडत नाही. पोहणाऱ्याचा दम सुटला, तर काठावरचा माणूस त्याला हात देऊ शकतो. आकाशाला काठ नसतो. तेथे लहानशी चूकही जिवावर बेतते. मग विमान चालवण्यास शिकावे कसे? या पेचातून माणसाने एक युक्तीची वाट काढली. ती म्हणजे सिम्युलेटर, अर्थात उड्डाणाची हुबेहूब नक्कल करणारे यंत्र.

अमेरिकेतील बिंगहॅम्टन या गावी एडविन लिंक नावाचा तरुण राहत असे. त्याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये भात्याने हवा भरली की स्वर उमटतात. एडविनने असेच भाते एका आखूड पंखांच्या खोट्या विमानाखाली बसवले. आत बसलेल्याने दांडा हलवला की भात्यांतील हवा कमी-अधिक होई आणि ते विमान जागच्या जागी कलत, वळत व डुलत असे. १९२९ साली हे यंत्र तयार झाले. आरंभी लोकांनी त्यास खेळणेच मानले. काही यंत्रे तर जत्रेतल्या पाळण्यांप्रमाणे करमणुकीच्या बागांत जाऊन बसली.

१९३४ साली मात्र लोकांचे डोळे उघडले. त्या वर्षी अमेरिकेत विमानाने टपाल नेण्याचे काम काही काळ सैन्याकडे आले. दिवस हिवाळ्याचे होते. धुके आणि हिमवादळे यांत विमाने सापडली आणि काही आठवड्यांतच दहाहून अधिक सैनिक प्राणास मुकले. ढगात शिरल्यावर क्षितिज दिसेनासे होते आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय फसते. विमान कलत असताही ते सरळ चालले आहे, असा भास होतो. अशा वेळी आपल्या भासावर विसंबून चालत नाही. समोरच्या तबकड्यांवरच विश्वास ठेवावा लागतो. हा विश्वास सरावावाचून येत नाही, हे ओळखून सैन्याने त्याच वर्षी लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिकांनी ढगातून उडण्याचे पहिले धडे अशा यंत्रांत बसून, जमिनीवरच गिरवले.

हळूहळू ही नक्कल घराच्या उंबरठ्याच्या आत आली. १९८० च्या सुमारास ब्रूस आर्टविक या अमेरिकन अभियंत्याने घरगुती संगणकावर चालणारा सिम्युलेटर तयार केला. त्याच्याच कामातून १९८२ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीचा सिम्युलेटर निघाला. त्या काळी पडद्यावर थोड्याशा रेघाच दिसत. आज त्याच पडद्यावर डोंगर, नद्या आणि शहरे दिसतात. एवढेच नव्हे, तर बोइंग ७३७ सारख्या मोठ्या प्रवासी विमानाचे जवळजवळ प्रत्येक बटण तेथे असते आणि ते खऱ्यासारखे काम करते.

हे बोइंग विमान चालू करणे म्हणजे केवळ किल्ली फिरवणे नव्हे. प्रथम बॅटरी चालू करावी लागते. मग शेपटीतील एक छोटे इंजिन सुरू करतात. ते वीज देते आणि दाबाखालची हवाही पुरवते. त्या हवेच्या जोरावर पंखाखालचे मोठे इंजिन फिरू लागते. त्याचा वेग ठराविक मर्यादेपर्यंत, म्हणजे सुमारे एक चतुर्थांशापर्यंत, चढला की मगच त्यास इंधन द्यायचे. घाई करून आधीच दिले, तर आतील उष्णता मर्यादेबाहेर जाऊन इंजिन बिघडते. घरच्या चांगल्या सिम्युलेटरमध्येही ते तसेच बिघडते. मात्र तेथे नुकसान कोणाचेच होत नाही. शिकणाऱ्याला कारण तेवढे कळते.

उतरणे याहून कठीण आहे. विमान सामान्यपणे प्रत्येक हजार फूट उतरण्यास सुमारे तीन सागरी मैल घेते. समजा, आपण मुंबईहून नागपूरला ३६,००० फुटांवरून चाललो आहो. छत्तीस गुणिले तीन म्हणजे १०८ सागरी मैल, अर्थात सुमारे २०० किलोमीटर. म्हणून अकोला मागे पडते न पडते तोच उतरण्यास आरंभ केला पाहिजे. नागपूर दिसू लागल्यावर उतरू म्हणणारा नागपूरच्या डोक्यावरून पुढे निघून जाईल! वर्गातला पाढा आकाशात असा उपयोगी पडतो.

इतक्या गोष्टी ध्यानात कशा राहाव्यात? याचे उत्तर एका दुःखद प्रसंगातून मिळाले. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील डेटन शहराजवळ बोइंगच्या एका नव्या, चार इंजिनांच्या विमानाची परीक्षा चालू होती. वैमानिक अत्यंत अनुभवी होते. परंतु उभ्या विमानाच्या शेपटीची झडप वाऱ्याने हलू नये म्हणून लावलेला अडसर काढण्याचे राहून गेले. विमान वर चढले आणि लगेच कोसळले. दोन निष्णात वैमानिकांचा अंत झाला. त्यांचे ज्ञान तोकडे नव्हते. विमानच इतके गुंतागुंतीचे होते की केवळ स्मरणावर विसंबणे धोक्याचे ठरले. तेव्हापासून करावयाच्या गोष्टींची यादी हाती धरून, एकेक ओळ वाचून खात्री करण्याची पद्धत रूढ झाली. याच विमानाच्या सुधारलेल्या जातीची बारा हजारांहून अधिक विमाने पुढे बांधली गेली. आजही प्रवासी विमानात एक वैमानिक यादी वाचतो आणि दोघेही प्रत्येक गोष्ट तपासून पाहतात. वीस वर्षे विमान चालवणाऱ्यालाही त्यातून सूट नाही.

घरच्या सिम्युलेटरचा खरा कस येथेच लागतो. तेथे यादी वाचली नाही, तर विचारणारा कोणी नसतो. विमान पडले, तर एक बटण दाबले की ते पुन्हा धावपट्टीवर उभे! म्हणून पुष्कळजण विमान पाडतात, हसतात आणि पुन्हा उडवतात. असा मनुष्य शंभर वेळा उडूनही काही शिकत नाही. दुसरा एखादा एकटा असूनही यादी मोठ्याने वाचतो, बोट ठेवून प्रत्येक बटण तपासतो आणि विमान पडलेच, तर ते का पडले हे शोधून वहीत टिपून ठेवतो. त्याचे दहाच फेरे खऱ्या विद्येचे होतात.

अर्थात घरच्या नकलेला मर्यादा आहेत. वळताना अंगावर येणारा भार, वाऱ्याचे धक्के आणि मागे बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी टेबलाशी बसून अनुभवता येत नाही. घरी कितीही तास उडवले, तरी त्यावर वैमानिकाचा परवाना मिळत नाही. त्यासाठी गुरूच्या देखरेखीखाली खरे उड्डाणच करावे लागते. परंतु क्रम, सावधपणा आणि चुकीचे कारण शोधण्याची सवय मात्र घरी लागू शकते.

लिंकचे यंत्र बागेत होते तेव्हा खेळणे होते. तेच सैनिकांच्या हाती आले तेव्हा साधन झाले. यंत्र तेच होते, बदलली ती वापरणाऱ्याची वृत्ती.

स्वाध्याय

१. ढगात शिरल्यावर वैमानिकाने कशावर विश्वास ठेवावा? का?
२. १९३५ च्या अपघातातून कोणती पद्धत रूढ झाली?
३. विमान ३०,००० फुटांवरून उतरवायचे असल्यास सुमारे किती सागरी मैल आधी उतरू लागावे?
४. वाक्यात उपयोग करा : जिवावर बेतणे, डोळे उघडणे, कस लागणे.
५. ‘कोणी पाहत नसतानाही नियम पाळणे’ या विषयावर दहा ओळी लिहा.